खोड सांगून विकलेला मोटारखाना

कोंडाजी मिस्त्री मोटार दातांनी ऐकायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोणावळ्यात कोंडाजीबद्दल कुणालाही विचारलं तर तो हेच आधी सांगेल, आणि पुढचं त्याला ठाऊक नसेल. स्क्रू फिरवायचा हातभर लांबीचा पेचकस घ्यायचा, त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. मग बराच वेळ काहीही घडायचं नाही. घाट चढून तापलेली मोटार, तिच्याभोवती तितकीच तापलेली मुंबईची मंडळी आणि मध्ये हा डोळे मिटलेला माणूस. शेवटी तो मूठ काढायचा आणि दोन शब्दांत दुखणं सांगायचा. खंडाळ्याच्या बंगल्यांत उतरलेले लोक पाहुण्यांना हा प्रकार दाखवायला मुद्दाम येत, गाडी धडधाकट असली तरी.

माझं मत विचाराल तर निम्म्या मोटारींना काही झालेलंच नसायचं. घाट चढून त्या तापत आणि मिस्त्रीचं ऐकून होईतो निवत. पण हे मत मी कुणाला बोलून दाखवलं नाही. मी लोणावळा स्टेशनात तारमास्तर होतो, पेन्शनीत निघालो होतो, आणि घरात दिवसभर माझी अडचण होत असल्याचं मला रोज कळवलं जात होतं. दुपारी टेकायला एक जागा हवी होती, ती मोटारखान्यात मिळाली होती. चहा फुकट होता. अशा ठिकाणी माणसाने मतं मांडू नयेत.

मोटारखाना म्हणजे मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेची पत्र्याची शेड. तिच्यात एक जॅक, हवा भरायचा एक उभा पंप, ट्यूबला ठिगळ भाजायचं यंत्र, भाता, ऐरण, पेट्रोलचे डबे आणि खुंट्यांवर टांगलेले पाने. पहिल्या लढाईत कोंडाजी बसऱ्याला गेला होता. गेला होता हमाल म्हणून. तिथे लष्कराच्या लॉऱ्या वाळूत रुतायच्या, बिघडायच्या, आणि ज्याचा हात रिकामा असेल त्याला गोरा सार्जंट कामाला लावायचा. परत आला तो मिस्त्री होऊन. मावळातून बसऱ्याला गेलेले बाकीचे लोक खजुराच्या गोष्टी घेऊन आले, हा हातातलं कसब घेऊन आला.

मूळ गाव त्याचं आंदर मावळात, भाताची दोन खाचरं. बाप बैलांचा व्यापार करायचा. चाकणच्या बाजारात त्यांच्या घराची एक रीत होती. बोटं दाबून भाव ठरवायला रुमालाखाली हात घालण्याआधी विकणाऱ्याने जनावराची खोड सांगायची. मारकं असेल, पाण्यात बसत असेल, उजवीकडे जुंपलं तर चालत नसेल, जे असेल ते. सांगितलं की विकणारा मोकळा. न सांगता विकलं तर त्या घरात त्याला चोरी म्हणत. एकदा बैल विकून घरी आल्यावर बापाला आठवलं की हा बैल छत्री बघून बुजतो, तर तो घेणाऱ्याच्या मागे तीन कोस चालत गेला. ही गोष्ट सांगताना कोंडाजी बापाची थोरवी सांगत नसे. बाप विसराळू होता, एवढंच म्हणायचा.

कोंडाजीने ही रीत जशीच्या तशी मोटारींना लावली. जुना टायर विकताना म्हणायचा, "ह्यो कामशेतापत्तूर जाईल. फुडं तुमी नि तुमचं नशीब." गिऱ्हाईक हसायचं, टायर घ्यायचं आणि कामशेतला अडकायचं. परत येऊन भांडायची सोय नसायची.

आता लोणावळ्याला ठाऊक नव्हतं ते सांगतो. कोंडाजीला ऐकू येत नव्हतं. कमी येत होतं असंही नाही. अजिबात येत नव्हतं. थोडं बसऱ्याच्या तोफांनी नेलं, उरलेलं पत्र्याखालच्या ऐरणीने. दातांतून हाडात शिरणारी इंजिनाची थरथर तेवढी त्याच्यापर्यंत पोहोचायची, आणि ती त्याला आपल्यापेक्षा जास्त समजायची. माणसाला मात्र असं दातांत धरता येत नाही.

मला हे कळलं ते माझ्या एका वाईट सवयीमुळे. तीस वर्षं तारा ठोकल्याने माझी बोटं बसल्या जागी टकटक करत राहतात. बायको चिडते, शेजारी चिडतात, देवळात कीर्तनकाराने एकदा मला उठवलं होतं. कोंडाजी कधीच चिडला नाही. महिनाभर मला वाटलं, काय शांत माणूस आहे. मग एकदा त्याच्या पाठीमागे पत्र्यावरच ठोकून पाहिलं. तो ढिम्म हलला नाही. त्याची बायको सरुबाई मात्र झटकन माझ्याकडे बघायला लागली. तिने मला चहा दिला, आणि त्या दिवसापासून साखर जास्त पडायला लागली.

तिची युक्ती अशी होती. ती शेडच्या तोंडाशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. गिऱ्हाईक येऊन मिस्त्रीला गाऱ्हाणं सांगायचं, मिस्त्री त्याच्या खांद्यावरून सरुबाईकडे बघायचा. तिने पदर डोक्यावर सारखा केला तर पाणी उकळतंय, मनगट चोळलं तर ब्रेक, पोटावर हात ठेवला तर पेट्रोल नीट उतरत नाही. ज्याचं तोंड समोर आणि मोकळं असेल त्याचं निम्मं बोलणं मिस्त्री ओठांवरून काढायचा. मुंबईच्या एका डॉक्टराची गाडी तीन वेळा पेट्रोलसाठी अडली. चौथ्या वेळी त्याने सरुबाईला पोटदुखीची पुडी दिली.

लोकांना काही संशय आला नाही. उलट मिस्त्री फार बोलत नाही, बड्या माणसालाही लगेच उत्तर देत नाही, म्हणून त्याचा दबदबा वाढला. उत्तर न देणारा माणूस हुशार समजला जातो, हे मी रेल्वेतही पाहिलं होतं. आमचे दोन स्टेशनमास्तर तेवढ्यावरच बढती घेऊन गेले.

हे असं अकरा वर्षं चाललं होतं, आणखी वीस चाललं असतं. पण अडतीस सालच्या वैशाखात एक विटांची लॉरी शेडच्या वरच्या अंगाला चढावर उभी होती. तिच्या चाकाखालचा दगड सरकला. लॉरी हळूहळू मागे यायला लागली, आणि खाली रस्त्याकडे पाठ करून कोंडाजी एका मोटारीचं चाक खोलत बसला होता. सरुबाई ओरडली. मी ओरडलो. अर्धा बाजार ओरडला. कोंडाजी शांतपणे एक नट फिरवत होता. सरुबाई धावत गेली आणि तिने त्याला खांद्याने असा धक्का दिला की दोघंही काळ्या तेलात पडली. लॉरी त्यांना वीतभर चुकवून जांभळीच्या झाडाला धडकली. कोंडाजी उठला आणि तिच्यावर खेकसला, "माझा नट सांडलास की."

बाजार थक्क झाला. एवढा कालवा झाला तरी मिस्त्रीने मान वळवली नाही, काय छातीचा माणूस, असं जो तो म्हणायला लागला. आठवडाभर गिऱ्हाईक दुप्पट झालं.

सरुबाईने दुसऱ्या दिवशी चूल पेटवली नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली, "मास्तर, हितनं आमाला जाऊ द्या. गावाकडं दोन खाचरं हायती, तितं बैल मागनं आला तरी सावकाश येतोय. मला ह्यो माणूस जित्ता पायजे. तुमी सांगा ह्यांना, माझं ऐकत न्हाईत."

मी कोंडाजीसमोर बसलो, तोंड मोठं उघडून सावकाश सांगितलं. त्याने शेडवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाला, "इकू. पन लौकर. मी भैरा हाय ते भाईर फुटलं तर पत्र्याचा भाव बी येयाचा न्हाई." ते खरं होतं. लोकांना हवा होता तो मिस्त्रीचा कान, आणि तो कान नव्हताच.

गिऱ्हाईक मिळालं इकबालशेठ. स्टेशनवर त्यांचे नऊ टांगे होते. मोटारी वाढल्यापासून टांग्यात बसायला पाहुणे मिळेनात, तेव्हा ज्याने बुडवलं त्याच धंद्यात शिरावं असं त्यांनी ठरवलं. माणूस दिलदार, पण जन्म घोड्यांच्या खरेदीत गेलेला. घोड्याच्या बाजाराची तऱ्हा वेगळी. विकणारा जी खोड तोंडाने सांगतो ती खरी नसते. ती सांगून तो दुसरी झाकत असतो. डावा डोळा अधू आहे म्हणाला की उजवा खूर उचलून बघायचा. शेठच्या वडिलांनी त्यांना हेच शिकवलं होतं.

तेव्हा बैलांच्या बाजारातला विकणारा आणि घोड्यांच्या बाजारातला घेणारा एका पत्र्याखाली आले. दोन दिवस जे चाललं ते मी चहा घेत पाहिलं.

कोंडाजी म्हणाला, "ह्यो जॅक पावसाळ्यात रुसतोय. डावीकडनं वजन पडलं तर सुटतोय." शेठ जॅककडे न बघता ऐरण तपासायला गेले. कोंडाजी म्हणाला, "पंपाचं कातडं झिजलंय." शेठनी पंप सोडून भात्याला नाक लावलं. कोंडाजीने पत्रा कुठे गळतो त्या सात जागा काठीने दाखवल्या. शेठ जमीन खणून बघायला लागले. भिंतीवरचं घड्याळ आडवं ठेवलं तरच चालतं, हे ऐकल्यावर मात्र ते घामाघूम होऊन माझ्याशेजारी बसले.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "या माणसाने सगळंच सांगितलं. मग झाकलंय काय?"

त्यांच्या दाढीमिशा दाट आणि तोंडात कायम पान, त्यामुळे मिस्त्रीला ओठांवरून काही काढायची सोय नव्हती. दोन दिवस सगळा सौदा सरुबाईच्या बोटांवर चालला. तिने एवढे तांदूळ निवडले की घरात महिनाभर खडा लागला नसेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेठनी उपरणं पसरलं, त्याखाली दोघांचे हात गेले, बोटं दाबली गेली, आणि दोघंही समाधानाने बाहेर आले. भाव मला कागद लिहिताना कळला. विश्वासाने सांगितलेली गोष्ट आहे, इथे लिहीत नाही. चांगला होता एवढं सांगतो.

तिसऱ्या दिवशी कागद झाला. टांगा दाराशी उभा होता, सरुबाईने भांडी गोणीत भरली होती. मी मजकूर वाचून दाखवला. सगळं यथास्थित होतं. शेवटी इकबालशेठनी पान थुंकून सांगितलं, "एक अट घाला. मिस्त्रीने दोन वर्षं इथेच माझ्याकडे काम करायचं. पगार देईन. त्यांच्याशिवाय हा पत्रा घेऊन मी काय करू?"

कोंडाजीने सरुबाईकडे बघितलं. तिचे दोन्ही हात मांडीवर तसेच पडून राहिले. ती काही सांगेना, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. मी तोंड त्याच्याकडे वळवून अट सांगितली आणि त्याला बाजूला नेलं. म्हटलं, "गप्प राहा. अकरा वर्षं जमलं, आणखी दोन जमेल." सरुबाई मागून आली होती. तिला दोन्ही गोष्टी हव्या होत्या. त्याने सांगूही नये आणि राहूही नये. असं कसं होणार हे तिलाही समजत होतं. तिचा चेहरा बघवेना.

कोंडाजी परत जाऊन शेठसमोर उभा राहिला. "शेट, एक खोड सांगायची ऱ्हायली. माझी. दोन दीस मी मालात न्हवतो, म्हून बोललो न्हाई. आता तुमी मला बी कागदात घेतलं, तर सांगाया पायजे. मला ऐकू येत न्हाई. कायबी."

मी डोळे मिटून घेतले. आता सौदा मोडणार, संध्याकाळपर्यंत खंडाळ्यापासून वडगावपर्यंत बातमी जाणार, आणि माझी बसायची जागाही जाणार. उघडले तर इकबालशेठ पोट धरून हसत होते.

"बहिरा माणूस दोन दिवस माझ्याशी सौदा करतो? मिस्त्री, तीस वर्षं घोडे घेतोय मी." तरी ते उठले, कोंडाजीच्या पाठीमागे गेले आणि त्यांनी हातोडा ऐरणीवर जोरात आपटला. कोंडाजी हलला नाही. "लढाईवर जाऊन आलेला घोडाही असाच उभा राहतो," शेठ मला म्हणाले. "मला कळलं काय झाकलंय ते. याला दोन वर्षं अडकायचं नाही. सोमाटण्याच्या नाक्यावर दुसरा मोटारखाना काढायचा बेत आहे. मन नसलेला घोडा टांग्याला जुंपून उपयोग नाही. मास्तर, पहिली अट काढून टाका. त्याऐवजी लिहा, खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत मिस्त्रीने दुकान घालायचं नाही."

मी लिहिलं. खरं सांगून माणूस सुटला होता, आणि तेही कुणाचा विश्वास न बसल्यामुळे. पगार वाचला म्हणून शेठ खूश होते. सरुबाईने गोणी उचलून टांग्यात ठेवलीसुद्धा.

अंगठा द्यायला कोंडाजी वाकला आणि थांबला. "शेटला पटलं का, मास्तर?"

"पटलं," मी म्हणालो. आयुष्यात मी बरंच खोटं बोललो आहे, पण एवढं उपयोगी क्वचित.

त्याने मान वर करून शेठकडे बघितलं. शेठ अजून हसत होते. कोंडाजीने अंगठा मागे घेतला. "पटलं न्हाई. न पटलेली खोड सांगितल्यात जमा हुत न्हाई."

मला असा राग आला की काय सांगू. असला माणूस जन्माला घालणाऱ्या त्या चाकणच्या बाजारालाच मी मनातल्या मनात शिव्या दिल्या. सरुबाईने त्याची बाही धरून ओढली. बोटांनी, हातांनी, डोळ्यांनी ती त्याला सांगत होती की चला, टांगा उभा आहे, सगळं झालंय. त्याने बाही सोडवून घेतली.

"शेट, तुमी हसताय," तो म्हणाला. "माझ्या बायकूचा आवाज कसा हुता ते मला आठवंना झालंय. आदी आठवायचा. ऐकू येईना झालं तवा मी म्हनलो, हिचा आवाज तेवढा धरून ठिवू. ठिवला हुता. गेल्या दिवाळीला बघितलं तर न्हाई. बापाचा आठवतोय, त्या छत्रीला बुजनाऱ्या बैलाचा आठवतोय, हिचा न्हाई. समोर बसून बोलती, तोंड हालतंय. मी हिला बी ह्ये सांगितलं न्हवतं. नाटक करायचं आसतं तर ह्ये कशाला काढलं आसतं?"

इकबालशेठचं हसू थांबलं. त्यांनी कोंडाजीकडे बघितलं, मग सरुबाईकडे, तिच्या त्या हवेत राहिलेल्या हातांकडे. दोन दिवस ते ज्या हातांकडे बघत नव्हते त्यांच्याकडे ते आता बघत होते. घोड्याच्या बाजारात मुरलेला माणूस, त्याला उरलेलं सांगावं लागलं नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "ती दुकानाची अटही काढून टाका."

"भाव?" मी विचारलं. कुणीतरी विचारायला हवं होतं.

"हात उपरण्याखालून निघाला तेव्हाच ठरला. तोच."

मी दुसरी अटही काढून टाकली. सरुबाई रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली होती, नवऱ्याकडे पाठ करून. ती बोलली ती शेठला, की मला, की समोरच्या रस्त्याला, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

"ह्यांना ऐकू येत न्हाई म्हून मी दिसभर ह्यांच्या पाठीमागं बोलत बसायची," ती म्हणाली. "समूर कदी बोलता आलं न्हाई त्ये समदं. लगीन झाल्यापास्नंचं. मला वाटायचं, कुटंतरी पोचत आसंल."

शेठ आणि मी खाली बघायला लागलो. कोंडाजीला फक्त तिचे हलणारे खांदे दिसत होते. त्याने माझ्या दंडाला धरून विचारलं, "काय म्हनती?"

मी तोंड त्याच्याकडे वळवलं आणि सावकाश, एकेक अक्षर दिसेल असं म्हणालो, "टांगा खोळंबलाय, म्हणते. लवकर चला."

"मग तेवढ्यासाठी रडाया कशाला पायजे," कोंडाजी म्हणाला, आणि अंगठा शाईत बुडवून त्याने कागदावर दाबला.